मागच्या चाकांचा काटा

पिकअपचे टायर घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न मापाचा असतो, दुसरा कंपनीचा आणि तिसरा पैशांचा. गाडीत भरता काय आणि ते भरतं किती, हे विचारणारा दुकानदार मला क्वचितच भेटला. खरं तर तो प्रश्न पहिला हवा.

आमच्या घरी दोन पिकअप आहेत. निफाड तालुक्यातलं आमचं गाव द्राक्षांचं आणि टोमॅटोचं. श्रावणापासून दिवाळीच्या पुढेपर्यंत टोमॅटो, संक्रांतीनंतर द्राक्षं, मधल्या काळात कांदा, कोबी, जे निघेल ते. आमचा माल असतो, शेजारच्या चार घरांचाही भाड्याने नेतो. कधी पिंपळगाव बसवंतच्या बाजारात, कधी कसारा घाट उतरून थेट वाशीला. एक गाडी माझे धाकटे दीर चालवतात, दुसऱ्या गाडीवर ड्रायव्हर आहे. डिझेल, टोल, हप्ते, इन्शुरन्स, टायर, सगळा हिशोब माझ्याकडे. त्यामुळे टायर ठरवणं हेही माझंच काम आहे आणि ते मी मनापासून करते, कारण त्या चार टायरांवर घरातला माणूस रात्रभर घाटातून जात-येत असतो.

मोठ्या गाडीचे टायर गेल्या हंगामाआधी बदलायला आले होते. टायरच्या खाचांमध्ये तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजत झिजत त्या उंचवट्यांच्या पातळीला आली की टायर संपला असं समजायचं. कायद्याने चारचाकी गाडीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. आमची अजून तिथवर पोचली नव्हती, पण टोमॅटोचा हंगाम भर पावसातला. पावसात खाच बोटभर राहिली आहे की नखभर, याने फार फरक पडतो. म्हणून आधीच बदलायचं ठरवलं.

त्याच सुमाराला आमच्या शेजारच्या एका घरच्या पिकअपचा मागचा टायर शहापूरच्या अलीकडे फुटला. दोघं होते गाडीत, दोघंही वाचले. माल रस्त्यावर सांडला. गावात चर्चा झाली ती रस्त्याची आणि खड्ड्यांची. मला मात्र एक गोष्ट खटकत होती. तो टायर नवा होता. उन्हाळ्यातच बसवलेला.

भाऊजींना घेऊन मी तो टायर बघायला गेले. शेजाऱ्यांच्या खळ्यात भिंतीला टेकवून ठेवला होता. जमिनीला टेकणारा पट्टाच सालीसारखा सोलून निघाला होता आणि खालच्या बारीक तारा बाहेर आल्या होत्या. नक्षी अगदी कोरी. आतून हात फिरवला तर बोटांना रबराची काळी भुकटी लागली. टायरच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आतून गोल फिरलेली एक सुरकुती होती. खिळा लागलेला नव्हता, कापही नव्हता. भाऊजी म्हणाले, "वहिनी, हा खड्ड्याने फुटला नाही. हा दमून फुटला." मलाही तेच वाटलं. वजनाखाली टायरची भिंत दर फेऱ्याला वाकते आणि सरळ होते. वजन झेपणारं असेल तर थोडी वाकते. वजन जास्त असेल किंवा हवा कमी असेल तर फार वाकते. त्या वाकण्याने आत उष्णता तयार होते, ती बाहेर पडायला वेळ मिळत नाही, आणि रबर आणि तारा यांची पकड सुटते. मग निमित्त कशाचंही होतं.

ओल्या फडक्याने मी टायरची भिंत पुसली आणि उठावाच्या अक्षरांवरून खडू फिरवला. काळ्यावर काळं असलं की काही वाचता येत नाही, खडूने सगळं उठून दिसतं. माप होतं, त्यापुढे १०४ आणि इंग्रजी एस. आयएसआयचा शिक्का होता आणि त्यावर आयएस १५६३३. ही दोन्ही टिपून घेतली. घरी आल्यावर आमच्या जुन्या टायरांवरही खडू फिरवला. तिथे शिक्क्यावर आयएस १५६३६ होतं. एका आकड्याचा फरक, पण पहिला क्रमांक मोटारींच्या टायरचा आणि दुसरा व्यापारी वाहनांच्या टायरचा. शेजाऱ्यांनी पिकअपच्या मागच्या चाकाला जीपगाडीचा टायर चढवला होता. रिमला बसला, गाडी चालली, दिसायलाही रुंद आणि छान दिसत होता. यात त्यांना दोष द्यायचं माझ्या मनात नाही. दुकानातून जे पुढे केलं गेलं ते त्यांनी विश्वासाने घेतलं.

आता तो १०४ म्हणजे काय. टायरच्या मापानंतर जो दोन-तीन आकडी अंक असतो तो त्या टायरचा भारांक. तो किलोत नसतो. तो एक क्रमांक आहे आणि त्यासमोरचे किलो ठरलेले आहेत. १०० म्हणजे ८०० किलो. १०४ म्हणजे ९००. १०८ म्हणजे १,०००. १११ म्हणजे १,०९०. ११५ म्हणजे १,२१५ आणि १२१ म्हणजे १,४५०. पायऱ्या सारख्या नाहीत, वर जाल तशा मोठ्या होत जातात, त्यामुळे अंदाजाने सांगता येत नाही, तक्ताच बघावा लागतो. हे किलो एका टायरचे. पुढचं इंग्रजी अक्षर वेगाचं असतं: एल म्हणजे ताशी १२०, क्यू म्हणजे १६०, एस म्हणजे १८०. पिकअपवाल्याला अक्षराची काळजी कमी आणि अंकाची जास्त. कोणी वेगाचं मोठं अक्षर दाखवून टायर भारी आहे असं सांगत असेल तर तिकडे लक्ष देऊ नये.

व्यापारी टायरवर दोन अंक असतात, मध्ये तिरकी रेघ. उदाहरणार्थ ११५/११२. पहिला अंक एका बाजूला एकच चाक असेल तेव्हाचा, दुसरा मागे जोडचाकं असतील तेव्हाचा. जोडचाकांत प्रत्येक टायरवर थोडं कमी वजन धरतात, कारण दोघांवर भार कधीच सारखा पडत नाही. आमच्या पिकअपला मागे एकेकच चाक आहे, म्हणून आमच्यासाठी पहिला अंक.

टायरचे अंक कळले तरी निम्मंच काम होतं. दुसरी बाजू गाडीची. आमच्या गाडीत हंगामात ७० कॅरेट टोमॅटो जातात. कॅरेटमध्ये २० किलो माल, वर कॅरेटचं स्वतःचं वजन. सगळं मिळून दीड टनाच्या थोडं वर. हा हिशोब सगळ्यांना पाठ असतो. पण टायरला हा हिशोब उपयोगाचा नाही. टायरला कळतं ते फक्त त्याच्या डोक्यावर आलेलं वजन, आणि ते चारही टायरांवर सारखं नसतं.

पिंपळगावच्या वाटेवर ट्रकचा वजनकाटा आहे. भाऊजींनी माल भरलेली गाडी तिथे नेली, मी सोबत गेले. काट्यावरचा मुलगा नेहमीप्रमाणे पूर्ण गाडी चढवा म्हणाला. मी म्हटलं, आधी फक्त पुढची चाकं, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची, अशा तीन पावत्या दे बाबा. त्याला नवल वाटलं, पण त्याने दिल्या. हे करताना काट्याच्या आजूबाजूची जमीन काट्याच्या पातळीत हवी, नाहीतर गाडी कलते आणि आकडा फसवा येतो. गाडी उभी केल्यावर इंजिन बंद करायचं आणि ब्रेक सोडायचा, म्हणजे चाकं ताणली जात नाहीत. पूर्ण गाडी भरली ३,२८० किलो. पुढची चाकं १,१०० आणि मागची २,१८०. माल उतरवून येताना रिकामा काटा केला तेव्हा पूर्ण १,७४०, पुढे ९६० आणि मागे ७८०.

हे आकडे वाचताना मी दोनदा बेरीज करून बघितली. रिकाम्या गाडीत पुढची बाजू जड, कारण इंजिन आणि केबिन तिथे. माल भरला की सुमारे दीड टनातले १,४०० किलो सरळ मागच्या एक्सलवर जातात आणि पुढच्या चाकांवर जेमतेम १४० वाढतात. म्हणजे पुढच्या टायरांना माल भरल्याचं फारसं जाणवतही नाही. मागच्या प्रत्येक टायरवर मात्र १,०९० किलो येतात.

या पावत्या घेऊन मी टायरच्या दुकानात गेले. दुकान ओळखीचं आहे, मालक वयाने मोठे, आम्ही त्यांना मामा म्हणतो. ते चांगले आहेत, पण धंद्याच्या गर्दीत तेही माप बघून टायर काढतात. त्यांनी जो पहिला टायर दाखवला तो १०४ चाच होता, किंमत आमच्या बजेटच्या बरीच खाली. मी पावती पुढे केली. मामा म्हणाले, "ताई, एका टायरला ९०० किलो. चार टायर झाले ३,६००. तुमची भरलेली गाडी ३,२८०. वर तीनशे किलो शिल्लक. अजून काय पाहिजे?"

हा हिशोब मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकला आहे की गाव बदललं तरी तोच निघतो. बेरीज बरोबर आहे आणि निष्कर्ष घातक आहे. पुढचे दोन टायर मिळून १,८०० किलो उचलू शकतात आणि त्यांच्यावर १,१०० आहेत. त्यांचे ७०० किलो शिल्लक राहतात, पण ते मागच्या टायरांच्या मदतीला जात नाहीत. मागचे दोन टायरही १,८००चेच आणि त्यांच्यावर २,१८०. म्हणजे प्रत्येकावर १९० किलो जादा, वाशीपर्यंत सगळा वेळ. मी मामांच्या पाटीवर खडूने दोन एक्सल वेगळे मांडून दाखवले. मामा गप्प राहिले, मग म्हणाले, "हे बरोबर आहे, ताई. मागचं वेगळंच धरायला पाहिजे."

त्यातही तो टायर मोटारीचा. मोटारीचा टायर पिकअपवर चढवला तर त्याची लिहिलेली क्षमता १.१० ने भागून धरायची, असा अमेरिकेतला नियम आहे. माल वाहणाऱ्या गाडीत वजन एका जागी राहत नाही, ती जास्त भरली जाते, खराब रस्त्यावर जास्त आपटते, म्हणून ही कपात. त्या हिशोबाने ९०० चे ८१८ होतात. आपल्याकडे आयएसआयच्या शिक्क्यावरचा क्रमांक बघितला तरी पुरे. १५६३३ दिसला की तो टायर पिकअपच्या मागच्या चाकाला घ्यायचा नाही.

आमच्या टायरवर १,०९० किलो येतात आणि १११ अंकाचा टायर बरोबर १,०९० उचलतो. मग १११ घेतला तर? कागदावर जमतं. पण काट्यावर गाडी सपाट उभी असते आणि रस्ता सपाट नसतो. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून डाव्या कडेला उतरते असतात, त्यामुळे डावीकडच्या चाकावर नेहमीच थोडा जास्त भार. कॅरेट एकावर एक रचून उंची वाढलेली असते, तेव्हा वळणावर बाहेरच्या चाकावर वजन झुकतं. घाट चढताना मागे सरकतं. पावसाळ्यात शहापूर ते भिवंडी रस्ता कसा असतो हे त्या वाटेने गेलेल्या कोणालाही सांगायला नको, आणि खड्ड्यात चाक आपटतं तेव्हा क्षणभर वजन किती होत असेल याचा काटा कोणाकडे नाही. म्हणून काठोकाठ अंक घेऊ नये. मी दहा टक्के तरी जागा ठेवते. त्या मापात मामांकडे व्यापारी टायर होता, ११५/११२ क्यू, १० पीआर. एकाला १,२१५, दोघांना २,४३०. आमच्या २,१८०ला पुरून अडीचशे किलो शिल्लक. तोच घ्यायचं ठरलं.

पीआरबद्दलही दुकानात नेहमी घोळ होतो. दुकानातला कामगार म्हणाला, दहा पीआर म्हणजे आत दहा थर आहेत. पूर्वी तसं होतं. टायरमध्ये सुती दोऱ्याचे थर असायचे, जितके थर तितकी ताकद. पुढे नायलॉन, पॉलिस्टर आणि पोलादी तारा आल्या आणि कमी थरांत तीच ताकद मिळू लागली, पण मोजण्याची जुनी रीत राहिली. आज १० पीआर म्हणजे जुन्या दहा सुती थरांइतकी ताकद. त्याच टायरच्या भिंतीवर बारीक अक्षरांत खरे थर लिहिलेले असतात आणि ते दहा कधीच भरत नाहीत. पीआरवरून टायर किती हवा पेलेल याचा अंदाज येतो. पण दोन वेगळ्या मापांचे १० पीआरचे टायर वेगवेगळं वजन उचलतात. तेव्हा शेवटचा शब्द भारांकाचा.

आणि भारांकाला हवेची अट आहे. याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. ११५ म्हणजे १,२१५ किलो हे खरं, पण केव्हा, तर टायर थंड असताना त्यात ८० पीएसआय हवा असेल तेव्हा. आमच्या टायरच्या भिंतीवर हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिलेले आहेत. हवा हीच वजन उचलते, रबर फक्त तिला धरून ठेवतं. ८० ची हवा ६५ वर आली तर तोच टायर १,०६० किलोचा होतो, म्हणजे ११५ चा ११०. आमच्या मागच्या चाकावर १,०९० येतात. पैसे मोजून भारी टायर घेतला आणि १५ पीएसआय हवा सोडली, की तो टायर आमच्या मालाला अपुरा.

आणि आपल्याकडे हवा सोडतात. उन्हाळा आला की ड्रायव्हर मंडळी म्हणतात, गरमीने हवा फुगते, टायर फुटेल, जरा कमी ठेवा. रस्त्यात चहाला थांबल्यावर टायरला हात लावतात, तापलेला लागतो, मीटर लावला तर आकडा चढलेला दिसतो, मग वाल्व दाबून हवा काढतात. मला कळकळीने सांगायचं आहे की असं करू नका. चालून चालून हवा चढणार हे टायर बनवणाऱ्याने आधीच धरलेलं असतं, म्हणूनच आकडा थंड टायरचा दिलेला असतो. तापलेल्या टायरची हवा काढली की तो आणखी वाकतो, आणखी तापतो. खळ्यात बघितलेल्या टायरच्या आतली ती सुरकुती कमी हवेवर चालल्याची खूण होती. टायर वाजवीपेक्षा तापत असेल तर वजन जास्त आहे किंवा हवा कमी आहे. त्यावर हवा काढणं हा उपाय नाही, सावलीत थांबणं हा आहे. आमच्याकडे आता नियम आहे: हवा सकाळी गाडी निघण्यापूर्वी, घरच्या मीटरने. पेट्रोल पंपावरच्या मीटरवर मी विसंबत नाही, कारण दोन पंपांचे मीटर एकसारखे दाखवताना मला दिसले नाहीत.

टायर भारी हवा म्हणजे सगळ्यात भारी हवा, असंही नाही. दुकानात एक शेतकरी भाऊ उभे होते. ते म्हणाले, "वहिनी, घ्यायचा तर एकदाच सगळ्यात जाड घ्या, म्हणजे चिंताच मिटली." चिंता मिटत नाही. फार कडक टायर गच्च हवेवर चालवला आणि गाडी रिकामी असली की मागचं चाक रस्त्यावर नीट बसत नाही, उड्या मारतं. आमची गाडी वाशीहून बहुतेक वेळा रिकामी परत येते आणि तेव्हा मागच्या दोन टायरांवर मिळून ७८० किलोच असतात. पावसात, घाटात, रिकाम्या गाडीचा ब्रेक दाबला की मागची बाजू घसरण्याचा धोका तिथेच असतो. म्हणून गरजेपेक्षा थोडा वर, पण दुप्पट वर नाही. गाडीच्या दाराजवळच्या पट्टीवर भरलेल्या आणि रिकाम्या गाडीची हवा वेगवेगळी दिलेली असते, पुढची वेगळी आणि मागची वेगळी. ती पट्टी बहुतेक गाड्यांवर आहे. त्यावर स्टिकर आणि देवाचे फोटो चिकटवून टाकू नयेत एवढंच.

रिमचंही बघावं लागतं. टायरला ८० ची हवा चालते, पण रिम आणि वाल्व तेवढ्याला केलेले हवेत. आमची रिम गाडीबरोबर आलेली, पोलादी, मामांनी उलटसुलट करून तपासली, एकीची कड वाकलेली निघाली ती बदलली. पुढे-मागे नक्षी वेगळी चालते, पण एका एक्सलवर दोन्ही टायर एकाच जातीचे हवेत. एका बाजूला रेडियल आणि दुसऱ्या बाजूला नायलॉन असं करू नये, दोघांचं वाकणं वेगळं असतं. टायर किती जुना आहे तेही मी बघते. भिंतीवर चार आकडे एका चौकटीत असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दुकानात वर्षानुवर्षं पडलेला टायर नवा म्हणून विकला जातो आणि नक्षीवरून ते ओळखू येत नाही.

आता एका गोष्टीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण भारी टायर बसवल्यावर घरातच तो विषय निघाला. आमचा ड्रायव्हर म्हणाला, आता मागे अडीचशे किलो जास्तीचे उचलतात तर दहा कॅरेट वाढवूया का. मागे स्प्रिंगचा एक पाटा टाकला की गाडी बसणारही नाही. गावात अशा कितीतरी गाड्या आहेत, पाटा वाढवलेल्या. भाऊजी लगेच नाही म्हणाले आणि मला ते फार बरं वाटलं. टायरने वजन उचललं म्हणून गाडीने उचललं असं होत नाही. ब्रेक तेच आहेत, एक्सल तोच आहे, चाकाचे बेअरिंग आणि नटबोल्ट तेच. पाट्याने गाडीची मागची बाजू वर दिसते, पण घाटात तिला थांबवायला पाटा येत नाही. आरसीवर गाडीचं जास्तीत जास्त वजन आणि एक्सलचं वजन लिहिलेलं असतं, टायर बदलल्याने ते बदलत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली जादा वजनाला २०,००० रुपये दंड आहे आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये. २०१९च्या दुरुस्तीपासून हे आकडे लागू झाले. शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो आणि त्याचा खर्च आपलाच. भर रस्त्यात टोमॅटो उतरवून ठेवणं म्हणजे काय हे शेतकऱ्याला कळतं. पण दंडाची भीती हे माझं कारण नाही. आमचे ते अडीचशे किलो खड्ड्यांसाठी, वळणांसाठी आणि एखाद्या सकाळी हवा बघायची राहून गेली तर त्यासाठी ठेवलेले आहेत. ते मालाने भरून टाकले तर भारी टायर घेतल्याचा अर्थच उरत नाही.

खर्चाचंही सांगते. हलक्या टायरपेक्षा हे चार टायर आम्हाला बरेच महाग पडले. मी हिशोब ठेवणारी बाई आहे, मला ते सहज गेलं असं म्हणणार नाही. पण एका फुटलेल्या टायरमागे काय काय जातं ते मी शेजारच्या घरात पाहिलं. टायर गेला, रिम गेली, मडगार्ड आणि ब्रेकची पाइप तुटली, क्रेनचं भाडं, सांडलेला माल, ज्यांचा माल होता त्यांची भरपाई, आणि हंगामात दोन आठवडे गाडी उभी. त्या घरच्या आजी मला म्हणाल्या, "पोरं घरी आली, बाकी सगळं येतं-जातं." त्यांचं खरं आहे. मला फक्त एवढंच वाटतं की पोरं घरी येणं नशिबावर सोडू नये, जेवढं आकड्यांनी बांधता येतं तेवढं बांधून घ्यावं.

समृद्धी महामार्ग झाल्यावर हे आणखी महत्त्वाचं झालं आहे. ५ जून २०२५ ला इगतपुरीपासून आमणेपर्यंतचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि आमच्या भागातल्या काही गाड्या आता त्या वाटेने भिवंडीकडे उतरतात. रस्ता सरळ, मोकळा आणि काँक्रीटचा. जुन्या रस्त्यावर खड्डे, गर्दी आणि टोलनाके यांच्यामुळे टायरला आपोआप विश्रांती मिळायची. इथे एकाच वेगाने तासभर न थांबता गाडी जाते आणि कमी हवेच्या किंवा कमी अंकाच्या टायरमध्ये साचलेली उष्णता बाहेर पडायला वाव मिळत नाही. या मार्गावर टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर परिवहन विभागाने टायर तपासायला सुरुवात केली, घासून गुळगुळीत झालेले टायर असलेल्या गाड्या परत पाठवल्या. ते चांगलंच झालं. पण तपासणारा बघतो ती नक्षी. शेजाऱ्यांच्या त्या टायरची नक्षी कोरी होती, तो त्या तपासणीत पास झाला असता. अंक आणि वजन यांचा मेळ मालकानेच घालायचा आहे.

मामांनी आता दुकानात भारांकाचा तक्ता लावला आहे, मीच त्यांना मोठ्या अक्षरांत लिहून दिला. पिकअपवाला आला की ते भरलेल्या गाडीचा मागचा काटा विचारतात. काही जण कंटाळतात आणि शेजारच्या दुकानात जातात. काही जण दुसऱ्या दिवशी पावती घेऊन येतात. ज्यांच्याकडे पिकअप आहे त्यांना माझं हेच सांगणं आहे: तुमच्या हंगामातला सगळ्यात जड माल भरा, नेहमी रचता तसाच रचा, आणि मागच्या चाकांचा वेगळा काटा करा. आकड्याला दोनने भागा, दहा टक्के वर धरा, आणि तेवढे किलो उचलणारा भारांक ज्या व्यापारी टायरवर असेल तो मागा. काट्याचे पैसे चहा-नाश्त्याइतके लागतात. आणि स्टेपनी विसरू नका. बहुतेक गाड्यांखाली जुना, हलका, हवा उतरलेला टायर लटकत असतो. घाटात चाक बदलायची वेळ येते ती बहुधा मागच्याच चाकाची, आणि तेव्हा भरल्या गाडीच्या मागच्या चाकाचं सगळं वजन त्याच टायरवर येतं. स्टेपनीचा अंकही तोच हवा आणि हवाही तेवढीच.